कागदावरचे माप धातूत उतरते कसे?

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव पुणे शहराच्या पश्चिमेला आहे. आज हे नाव घेतले की डोळ्यांपुढे येते ते तेथील माहिती तंत्रज्ञान उद्यान. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेल्या या उद्यानातील कितीतरी कचेऱ्यांतून मोटारींच्या आणि यंत्रांच्या भागांची रेखाटने संगणकाच्या पडद्यावर तयार होत असतात. तेथून थोड्याच अंतरावर पिंपरी, चिंचवड आणि भोसरी येथील कारखान्यांचा पट्टा आहे. तेथे अशाच रेखाटनांवरून धातूचे भाग कापले जातात.

पडद्यावर वर्तुळ काढायला एक क्षण पुरतो. ते चुकले तर पुसताही येते. धातूच्या पट्टीत पाडलेले भोक मात्र पुसता येत नाही. ते मिलिमीटरभर बाजूला गेले तर बोल्ट आत शिरत नाही आणि सगळी पट्टी भंगारात जाते. म्हणून कागदावरचे माप धातूवर जसेच्या तसे कसे न्यायचे, हा यंत्रकामातला फार जुना आणि फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

मोठ्या कारखान्यात हे काम संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रे करतात. पण एकच भाग हवा असेल तर? शाळेच्या दुर्बिणीसाठी आधाराची पट्टी, पंपाच्या फुटलेल्या झाकणाऐवजी नवे झाकण, सायकलीला डबा बसवण्यासाठी पत्रा. अशा कामाला एक स्वस्त आणि सोपा उपाय आहे. त्या भागाचे खऱ्या मापाचे रेखाटन कागदावर काढायचे, तो कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि त्याच्याच खुणांवरून भोके पाडून कड कापायची. या कागदाला आपण 'कागदी साचा' म्हणू.

ऐकायला हे किती सोपे वाटते! पण यात एक मेख आहे. कागद माप वाहून नेतो हे खरे, परंतु वाटेत तो स्वतःच लहानमोठा होतो. केव्हा होतो, किती होतो आणि ते ओळखायचे कसे, हे ज्याला कळले त्याचेच भोक जागेवर पडते.

कागद नसताना खुणा कशा करतात?

आधी कारखान्यातली नेहमीची पद्धत पाहू. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकणारा विद्यार्थी लोखंडाची पट्टी घासून साफ करतो आणि तिच्यावर मोरचुदाचे पाणी फासतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते द्रावणातील तांब्याला बाहेर काढते आणि पट्टीवर तांब्याचा पातळ, लालसर थर बसतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच! या लाल थरावर स्क्रायबरच्या अणकुचीदार टोकाने ओढलेली रेघ पांढरी चमकते आणि स्पष्ट दिसते. मग गुण्या, पोलादी पट्टी आणि कंपास घेऊन एकेक माप पट्टीवर आखले जाते.

ही पद्धत अचूक आहे, पण प्रत्येक माप स्वतंत्रपणे मोजून आखावे लागते. दहा भोके असली की वीस मापे आली, आणि दर मापाला चुकण्याची एक संधी. कागदी साच्यात ही सगळी मापे एकदाच, शांतपणे, टेबलावर बसून काढता येतात. कागदावर चुकले तर दुसरा कागद घेता येतो.

रेखाटन आणि धातूकाम यांचा हा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हाच विषय शिकवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला. यंत्राच्या रेखाटनात रंग नसला तरी चालतो. माप मात्र खरे असावे लागते.

एक नमुना: सहा भोकांची चकती

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. ३ मि.मी. जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून एक गोल चकती कापायची आहे. तिच्यावर ६० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर समान अंतराने सहा भोके हवीत. प्रत्येकात ५ मि.मी. जाडीचा बोल्ट बसायचा आहे आणि ते बोल्ट ज्या भागात पिळले जातात, त्यातील आट्यांची भोके आधीच ठरलेल्या जागी आहेत.

५ मि.मी. बोल्टसाठी साधारणपणे ५.५ मि.मी. चे भोक ठेवतात. म्हणजे बोल्टभोवती सगळीकडून ०.२५ मि.मी. मोकळी जागा राहते. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या भोकाचा मध्य खऱ्या जागेपासून पाव मिलिमीटरहून अधिक सरकला की बोल्ट अडलाच म्हणून समजा. आपल्याकडे चुकण्यासाठी एवढीच शिल्लक आहे. ती कोठे कोठे खर्च होते, ते आता पाहू.

पहिली चोरी: छापताना

रेखाटन संगणकावर काढून प्रिंटरने छापले, तर प्रिंटर पुष्कळदा चित्र पानात नीट बसावे म्हणून ते थोडे लहान करतो. 'फिट टु पेज' हा पर्याय चालू राहिला आणि चित्र ९७ टक्के मापाने छापले गेले, तर ६० मि.मी. चे वर्तुळ ५८.२ मि.मी. चे होते. म्हणजे त्रिज्या ३० ऐवजी २९.१ मि.मी. झाली आणि प्रत्येक भोक ०.९ मि.मी. आत सरकले. आपली शिल्लक होती ०.२५. डोळ्यांना मात्र चित्र अगदी बरोबर दिसते!

म्हणून छापताना माप १०० टक्के ठेवावे, आणि एवढ्यावर विसंबू नये. प्रत्येक साच्यावर १०० मि.मी. ची एक आडवी आणि एक उभी रेघ मुद्दाम काढावी. यांना आपण 'साक्षीरेषा' म्हणू. कागद हातात आला की आधी पोलादी पट्टीने या दोन रेषा मोजाव्यात. झेरॉक्स प्रतीचेही तसेच. मूळ कागद बरोबर असला तरी प्रतीची साक्ष वेगळी घ्यावी लागते.

आपल्या चकतीला आणखी एक सुंदर तपासणी आहे. वर्तुळावर समान अंतराने सहा बिंदू घेतले की त्यांचा नियमित षट्कोन होतो, आणि नियमित षट्कोनाची बाजू वर्तुळाच्या त्रिज्येइतकी असते. म्हणून शेजारच्या कोणत्याही दोन भोकांच्या मध्यांतील अंतर ३० मि.मी. आणि समोरासमोरच्या भोकांतील अंतर ६० मि.मी. भरले पाहिजे. कंपास ३० मि.मी. वर उघडून सहा पावले टाका. तो निघाला त्याच बिंदूवर परत आला पाहिजे.

दुसरी चोरी: पाणी

ही चोरी अधिक लबाड आहे, कारण ती तपासणी झाल्यावर होते.

कागद हा लाकूड, गवत किंवा कापूस यांच्या बारीक तंतूंचा बनलेला असतो. हा तंतू पाणी पिऊन फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. लांबीत तो फारच थोडा वाढतो आणि जाडीत पुष्कळ वाढतो. कागद यंत्रावर तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या धावण्याच्या दिशेने पडतात. त्यामुळे ओला झालेला कागद एका दिशेने जेमतेम वाढतो आणि तिच्या आडव्या दिशेने कितीतरी अधिक वाढतो.

हे स्वतः करून पाहा. वर्तमानपत्राच्या एकाच पानातून २५० मि.मी. लांबीच्या दोन पट्ट्या कापा. एक पानाच्या उभ्या दिशेने आणि दुसरी आडव्या दिशेने. दोन्हींवर शिसपेन्सिलीने बरोबर २०० मि.मी. अंतरावर दोन खुणा करा. आता त्या पाण्यात बुडवून काचेवर सपाट पसरा. ओढू नका, नुसत्या ठेवा. पाच मिनिटांनी खुणांमधले अंतर पुन्हा मोजा. एक पट्टी जवळजवळ होती तशीच सापडेल. दुसरी वाढलेली असेल, आणि ती वाढ साध्या पट्टीनेही मोजता येईल.

भिजलेला साधा कागद आडव्या दिशेने शेकडा एक किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. म्हणजे १०० मि.मी. मागे १ मि.मी. याची तुलना धातूच्या उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाशी करा. अ‍ॅल्युमिनियमची १०० मि.मी. लांबीची पट्टी १० अंश सेल्सिअसने तापली तर केवळ ०.०२३ मि.मी. वाढते. पाण्याने कागदाची होणारी वाढ याच्या चाळीसपटींहून अधिक झाली! उन्हाने पत्रा तापेल ही भीती आपल्या कामात बाळगण्याचे कारण नाही. भीती आहे ती डिंकाची.

कारण डिंक आणि खळ या दोन्हींत पाणीच असते. मागून डिंक फासलेला कागद फुगतो, फुगलेल्या अवस्थेतच पत्र्याला चिकटतो आणि वाळल्यावरही पुष्कळदा त्याच मापात अडकून राहतो. आपल्या चकतीवर याचा परिणाम काय होईल? एका दिशेने शेकडा एक वाढ झाली, तर त्या दिशेतील ३० मि.मी. त्रिज्या ३०.३ होईल. शिल्लक ०.२५ होती, ती संपली. दुसऱ्या दिशेने वाढ जवळजवळ नाही. म्हणजे वर्तुळाचे लंबवर्तुळ झाले. काही बोल्ट सहज बसतील आणि काही अडतील. दोष कोठे आहे हे मग शोधूनही सापडत नाही.

उपाय सोपा आहे. पाणी नसलेला चिकटवणारा पदार्थ वापरावा. सायकलीचे पंक्चर काढताना लावतात ते रबर सोल्यूशन या कामाला चांगले. त्याच्या वाफा पेट घेतात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास ज्योत नसावी. मागे चिकट थर असलेला लेबलाचा कागद किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही चालते. कागद चिकटवण्यापूर्वी पत्रा तेलकट नाही ना, हे पाहावे.

हवेतली वाफसुद्धा हेच काम मंदपणे करते. मुळशीकडचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा. जुलै महिन्यात टेबलावर उघडा पडलेला कागद मार्चमधल्या कागदासारखा राहत नाही. म्हणून कागद छापला की लगेच वापरावा, आणि चिकटवल्यावर साक्षीरेषा पुन्हा मोजाव्यात. ही दुसरी मोजणी सर्वांत मोलाची आहे, कारण यानंतर घाव घालायचा असतो. माप चुकले असेल तर कागद सोलून काढावा. अजून काहीही बिघडलेले नाही!

खूण, भोक आणि कड

आता कागदावरचा मध्यबिंदू धातूत उतरवायचा. यासाठी दोन पंच लागतात. पहिला डॉट पंच. याचे टोक बारीक, सुमारे ६० अंशांचे असते. तो आधी थोडा तिरपा धरून त्याचे टोक दोन रेघांच्या बरोबर छेदावर टेकवावे, मग सरळ उभा करून हातोडीचा हलका ठोका द्यावा. बाजूने भिंग धरून पाहिले तर काम अधिक चांगले होते. खूण बरोबर पडली असे दिसल्यावर दुसरा, सेंटर पंच घ्यावा. याचे टोक ९० अंशांचे असते. त्याने तोच खड्डा रुंद करावा.

हा खड्डा कशाला हवा? ड्रिलच्या टोकाकडे नीट पाहा. ते सुईसारखे टोकदार नसते. मध्यभागी छिन्नीच्या पात्यासारखी एक छोटी आडवी धार असते. गुळगुळीत पत्र्यावर ही धार घसरते आणि ड्रिल भरकटते. खड्ड्यात टेकले म्हणजे ते जागेवर राहते. म्हणूनच आधी २.५ मि.मी. चे बारीक भोक पाडून मग ५.५ मि.मी. चे ड्रिल घालतात. बारीक ड्रिलची ही धार लहान असते, त्यामुळे ते कमी भरकटते, आणि मोठे ड्रिल मग त्याच भोकाच्या मागोमाग जाते.

कागदाचा आणखी एक फायदा येथे मिळतो. ५.५ मि.मी. चे वर्तुळ कागदावर छापलेलेच असते. मोठे ड्रिल नुसते टेकवून किंचित फिरवावे आणि उचलून पाहावे. पडलेली खळी वर्तुळाच्या मधोमध असली तर पुढे जावे. ती एका बाजूला सरकलेली दिसली तर तेथेच थांबून, खळी गोल कानशीने मधोमध आणून मग पुढे जावे. ड्रिल पूर्ण आत शिरल्यानंतर मात्र दुरुस्ती होत नाही.

येथे सावधगिरीचे चार शब्द सांगणे जरूर आहे. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. पत्रा कधीही हाताने धरू नये. ड्रिल पलीकडे बाहेर पडताना धार पत्र्याला पकडते आणि पत्रा पंख्यासारखा गरकन फिरतो. तो शेगड्यात किंवा क्लॅम्पने लाकडाच्या फळीवर घट्ट आवळावा. डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस ड्रिलपासून दूर ठेवावेत.

सगळी भोके आधी पाडून घ्यावीत आणि बाहेरची कड नंतर कापावी. पत्रा मोठा असतो तोवर तो घट्ट धरायला सोपा जातो. करवत रेघेवर चालवू नये. रेघेच्या बाहेर मिलिमीटरभर जागा ठेवून कापावे आणि उरलेला भाग कानशीने रेघेपर्यंत घासावा. शेवटी भोकांच्या कडांना राहिलेली बारीक धार काढून टाकावी.

कागद वाकतो तेव्हा

आतापर्यंत कागदाचे दोषच फार झाले. आता त्याचा एक असा गुण पाहू, की जो पोलादी पट्टीत नाही. कागद वाकतो!

दोन पाइप काटकोनात जोडायचे आहेत. त्यासाठी दोन्हींची टोके ४५ अंशांत तिरपी कापावी लागतात. गोल पाइपवर तिरपी रेघ आखायची कशी? पट्टी तर गोलावर टेकतही नाही. येथे कागदाची पट्टी कापून पाइपभोवती गुंडाळतात.

समजा, पाइपचा बाहेरचा व्यास ४२ मि.मी. आहे. परिघ झाला २२/७ × ४२, म्हणजे १३२ मि.मी. तेवढ्या लांबीच्या कागदाचे १२ समान भाग करा. प्रत्येक भाग ११ मि.मी. चा आणि पाइपवर ३० अंशांचा. मधोमध एक आडवी रेघ ओढा. आता प्रत्येक भागापाशी त्रिज्या गुणिले त्या कोनाची कोज्या इतक्या उंचीवर बिंदू घ्या. ० अंशाला २१ मि.मी., ३० ला १८.२, ६० ला १०.५, ९० ला शून्य. मग तेवढेच रेघेच्या खाली, १२० ला १०.५, १५० ला १८.२ आणि १८० अंशांना २१ मि.मी. पुढचा अर्धा भाग याच क्रमाने उलटा. हे बिंदू हाताने जोडले की एक डौलदार लाट तयार होते. ती कापून कागद पाइपभोवती गुंडाळा. लाटेची कड एका सपाट, तिरप्या प्रतलात आलेली दिसेल!

विश्वास बसत नसेल तर मेणबत्तीभोवती कागद गुंडाळा, दोन्ही मिळून सुरीने तिरपे कापा आणि कागद उलगडा. तीच लाट पुढे येईल. त्रिकोणमितीच्या तासाला फळ्यावर काढलेला वक्र पाइप जोडणाऱ्या कारागिराच्या हातात रोज असतो.

पट्टी सरळ गुंडाळली गेली की नाही, हे कागद स्वतःच सांगतो. तिची खालची कड फिरून स्वतःवरच नेमकी आली पाहिजे. ती वरखाली झाली तर पट्टी तिरपी बसली आहे.

कागदाची हद्द

एक भाग करायचा तर कागद उत्तम. शंभर करायचे असतील तर? शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण मुलांनी हातांनी काम करत विज्ञान शिकावे हा त्यामागचा विचार. २००२ मध्ये तेथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने 'फॅब लॅब' ही कार्यशाळा उभी राहिली. त्रिकोणांचे जाळे जोडून केलेले घुमट हे या आश्रमाचे एक ओळखीचे काम.

अशा घुमटाचा एक सोपा प्रकार घेऊ. त्यात दोनच लांबीच्या एकूण ६५ पट्ट्या लागतात. ३० पट्ट्या त्रिज्येच्या ०.५४७ पट आणि ३५ पट्ट्या ०.६१८ पट. त्रिज्या २ मीटर असेल तर भोकापासून भोकापर्यंतची ही अंतरे सुमारे १.०९ आणि १.२४ मीटर होतात. दोन टोकांना मिळून १३० भोके झाली. प्रत्येक त्रिकोण शेजारच्याला जोडलेला असल्याने चुका साठत जातात आणि शेवटची पट्टी बसत नाही.

येथे कागद अपुरा पडतो. तो लहान असतो. तुकडे जोडले तर जोडाची चूक वाढते. शिवाय पंचाच्या एका घावानंतर तो निकामी होतो. म्हणून प्रत्येक लांबीची एकच पट्टी अतिशय काळजीने मोजून तयार करतात आणि तिच्याच भोकांतून बाकीच्या पट्ट्यांना भोके पाडतात. अशा साधनाला कारखान्यात 'जिग' म्हणतात.

पण एक नियम पाळावा लागतो. प्रत्येक नवी पट्टी पहिल्या पट्टीवरूनच करावी, आदल्या पट्टीवरून नव्हे. नकलेची नक्कल केली आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर एकाच बाजूला चुकले, तर दहाव्या नकलेत ५ मि.मी. चे अंतर पडेल. मूळ पट्टीवरून केलेल्या दहाही पट्ट्यांत मात्र ती चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहील.

शाळेत करून पाहा

वर्तमानपत्र, वहीचे पान, प्रिंटरचा कागद, पुठ्ठा आणि ट्रेसिंग पेपर अशा पाच प्रकारच्या कागदांच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्या घ्या. कोरड्या असताना आणि भिजवल्यावर त्यांची लांबी मोजून तक्ता तयार करा. हाच प्रयोग न भिजवता, नुसता उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात करा. मग चकतीचा साचा एका पत्र्यावर डिंकाने आणि दुसऱ्यावर रबर सोल्यूशनने चिकटवून साक्षीरेषा मोजा. आपल्या पाव मिलिमीटरच्या शिल्लकीतून कोणत्या साच्याने किती खर्च केला, याचा हिशेब तुम्हीच मांडा. मगच पंच हातात घ्या.